मिस्त्रीची परीक्षा कामावरच घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातला गवंडी. आमच्याकडे गवंडी कोणी म्हणत नाही, मिस्त्रीच म्हणतात. वय 51, शिक्षण सातवी. पंधराव्या वर्षी घमेलं उचललं, विसाव्या वर्षी थापी हाती आली. हे पत्र मी बोलतो आहे आणि माझी धाकटी मुलगी लिहून घेते आहे. शब्द तिनं नीट केले असतील, म्हणणं माझं आहे.

सरकारी बांधकामावर प्रमाणपत्र असलेलाच कारागीर पाहिजे की नको, यावर आमच्या लोकांत नेहमी वाद होतो. मी 'पाहिजे' म्हणणारा. पण या वर्षी माझ्याच प्रमाणपत्राचं जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

दिवाळी झाल्यावर आमच्या गावच्या शाळेच्या दोन नव्या खोल्यांचं काम निघालं. पाया आखायला माणसं आली तसा मी ओळंबा, गुण्या, थापी पिशवीत टाकून गेलो. गावातलं काम मिळालं तर गाडीचं पेट्रोल वाचतं, दुपारची भाकर घरी होते. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "मिस्त्री, सर्टिफिकेट हाय काय तुमच्याजोळ? या कामाले ट्रेनिंगवाल्यायची यादी लागते." मला आनंद झाला, कारण माझ्याजवळ होतं. 2018 साली घरकुल योजनेतलं 45 दिवसांचं ग्रामीण गवंडी प्रशिक्षण मी पुरं केलं आहे. घरी जाऊन पेटीतला कागद काढून आणला. त्यानं मोबाइलवर त्याचा फोटो घेतला, आधार कार्डाचाही घेतला आणि "कळवतो" म्हणाला.

आठ दिवसांनी काम सुरू झालं, माझ्याशिवाय. बाहेरून आणलेली पाच-सहा पोरं गुत्त्यानं काम करत होती. मी जाऊन विचारलं तर तो सरळच बोलला, "तुमचा कागद फाइलले लागला, मिस्त्री. काम या पोट्ट्यायकडे हाय."

म्हणजे फाइलीत त्या खोल्या मी बांधल्या. प्रत्यक्षात मी त्या दिवसांत सोळा किलोमीटरवर एका शेतकऱ्याच्या गोठ्याची भिंत बांधत होतो.

पाया, जोतं, भिंती होईपर्यंत मी गप्प राहिलो. स्लॅबच्या दिवशी मात्र रोजी बुडवून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि सगळं पाहिलं. मार्चचा शेवटचा आठवडा होता. 31 तारखेच्या आत बिल निघावं म्हणून आमच्याकडे किती तरी गावांत त्याच आठवड्यात स्लॅब पडतात. मिक्सर मिळत नाही, व्हायब्रेटर मिळत नाही, आणि शाखा अभियंता साहेब एका दिवसात चार गावांना पोचू शकत नाहीत. मिक्सरमध्ये पाणी पाइपनं, अंदाजानं सोडत होते. माल वरणासारखा पातळ. सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई पत्र्यापासून वर धरणारे छोटे ठोकळे, नव्हते; गिट्टीचे तुकडे सारले होते. घमेलं घेऊन माणूस वरून चालला की तुकडा निसटे आणि सळई सेंट्रिंगच्या पत्र्याला टेके. अशा सळईला खालून काँक्रीटचं पांघरूण मिळत नाही. काही पावसाळे गेले की ती गंजते, गंजली की फुगते, फुगली की छताचे पापुद्रे पडायला लागतात. त्या पापुद्र्यांखाली लेकरं बसलेली असतात, संपादक साहेब.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा प्रश्न. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवून ठेवायचं असतं. काँक्रीटची जी सरकारी संहिता आहे, आयएस 456, तिच्यात कोरड्या आणि उष्ण हवेत किमान 10 दिवस ओलावा ठेवायला सांगितलं आहे, आणि राख मिसळलेल्या सिमेंटला तो 14 दिवसांपर्यंत वाढवावा अशी शिफारस आहे. आमच्या बाजारात जी गोणी मिळते ती बहुतेक राखमिश्रितच असते, आणि मार्चअखेरचं यवतमाळचं ऊन तुम्हाला सांगायला नको. तिथं चार दिवस पाणी मारलं. पाचव्या दिवशी टँकर आला नाही, नंतर कोणी आलंच नाही.

त्या पोरांवर माझा राग नाही. पोटासाठी घर सोडून आली होती, पहाटे सहाला कामावर उभी राहत होती. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, एवढंच. आणि मी हे खात्रीनं बोलू शकतो, कारण 2018 च्या आधी मीही असंच काम करत होतो.

हे कबूल करायला मला जड जातं. पंचवीस वर्षांचा अनुभव घेऊन मी त्या प्रशिक्षणाला बसलो होतो, आणि पहिले दोन दिवस मला वाटलं, हे काय शिकवणार मला. मग शिकवणाऱ्यानं एकाच गोणीच्या मालाचे दोन ठोकळे पाडायला लावले. एकात मापून पाणी, दुसऱ्यात मी रोज घालत होतो तेवढं. 50 किलोच्या गोणीला साधारण 25 ते 27 लिटर पाणी पुरतं, आणि रेती ओली असेल तर त्यातूनही कमी करायचं. मी चाळीसच्या पुढं घालत होतो, कारण पातळ माल लवकर पसरतो आणि दिसायला गुळगुळीत दिसतो. 28 दिवसांनी दोन्हींवर हातोडा मारला. मापाच्या ठोकळ्यावरून हातोडा उडाला. माझा ठोकळा तिसऱ्या घावाला फुटला आणि आतून भुसभुशीत निघाला. मी त्या रात्री जेवलो नाही. किती घरांवर मी असला माल टाकून आलो, ते आठवत बसलो होतो.

कॉलमच्या उभ्या सळ्यांना बांधून धरणाऱ्या रिंगचं टोक नुसतं काटकोनात न ठेवता आत वळवायचं, म्हणजे भार आला तरी रिंग उघडत नाही, हे तिथं कळलं. रेती पारदर्शक बाटलीत पाणी घालून हलवून ठेवायची आणि वर मातीचा थर किती बसतो ते पाहायचं, हेही तिथंच. अरुणावतीच्या पात्रातली रेती मिळाली तर ठीक, पण घाटांचे लिलाव अडकले की नाल्यातली मातकट रेती येते, आणि ती नुसती मुठीत धरून ओळखू येत नाही. प्रशिक्षण झाल्यावर मी शेजारच्या एका घरी गेलो. त्यांचा स्लॅब मी 2003 साली टाकला होता. स्वयंपाकघराच्या वर दोन सळ्या उघड्या पडलेल्या. मी त्या तारेच्या ब्रशनं घासून, नवा माल भरून दिल्या. मजुरी घेतली नाही. कशी घेणार?

म्हणून आमचे काही मिस्त्री म्हणतात ना, "आमचा हात हेच आमचं सर्टिफिकेट," ते मला पटत नाही. चुकीची सवयही हाताला तेवढीच पक्की बसते.

त्या 45 दिवसांतली अजून एक गोष्ट सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर आहे. तिथं वर्गात बसून परीक्षा नव्हती. खऱ्या घरकुलावर आम्ही शिकलो आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकानं आमच्याकडून काम करून घेऊन पाहिलं. कोपरा गुण्यात आहे का, भिंत ओळंब्यात आहे का, मसाला किती जाडीचा, सांधे एकावर एक तर आले नाहीत ना. ज्याला लिहिता येत नव्हतं तोही पास झाला, आणि एक जण बोलण्यात फार हुशार होता तो राहिला. म्हणजे हाताची परीक्षा घेता येते. एका आडवळणाच्या खेड्यात येऊन, उघड्या जागेवर घेता येते. आम्ही ती दिली आहे.

मग सरकारी कामावर फक्त कागदाची झेरॉक्स का मागतात?

वायरमनचं उदाहरण घ्या. विजेच्या कामाला परवाना लागतो ही अट आजची नाही. फिटिंग परवानाधारक ठेकेदारानंच करायची, देखरेखीला परवानाधारक माणूस पाहिजे, आणि नवीन मीटरच्या अर्जाला त्याचा टेस्ट रिपोर्ट जोडायचा. कायदा चांगला आहे. पण खेड्यात सही एकाची आणि पक्कड दुसऱ्याच्या हातात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. एका अंगणवाडीचं ओल आलेलं प्लास्टर काढायला मी गेलो होतो. भिंत फोडली तर अर्थिंगची तार बोर्डाच्या मागं गुंडाळून तशीच सोडलेली, जमिनीपर्यंत गेलेलीच नाही. सेविकाबाई म्हणाल्या, कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून आम्ही पोरांना लांब बसवतो. कागदावर ती फिटिंग तपासलेली होती. सही करणाऱ्यानं ती अंगणवाडी कधी पाहिली असेल असं मला वाटत नाही.

मला ओळखणारे एक सेवानिवृत्त शाखा अभियंता आहेत. माझी तक्रार ऐकून त्यांनी मला केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या 2014 च्या कराराच्या अटी वाचून दाखवल्या. प्रत्येक कामात, प्रत्येक हुन्नरातल्या कारागिरांपैकी किमान 20 टक्के प्रमाणपत्रधारक असावेत. कमी पडले तर माणशी दिवसाला 100 रुपये कापून घ्यायचे. ऐकून बरं वाटलं. मग त्यांनी खालची ओळ वाचली: 5 कोटींपेक्षा कमी किमतीच्या कामाला ही अट लागू नाही. अशा अटीखाली आमची शाळाखोली कधी येणार? अंगणवाडी, नाली, सभामंडप, स्मशानशेड, सिमेंट रस्ता, सगळी लाखांतली कामं. गावातली माणसं ज्या छताखाली बसतात ते बहुतेक 5 कोटींच्या खालीच असतं. आणि 100 रुपयांचं म्हणाल तर आमच्याकडे जाणत्या मिस्त्रीची रोजी आणि शिकाऊ पोराची रोजी यात 300 रुपयांचा फरक आहे. शंभर भरून तीनशे वाचत असतील तर ठेकेदार काय करील, हे सातवी शिकलेल्या मलाही कळतं.

काळ्या मातीचंही बोललं पाहिजे. आमच्याकडची जमीन उन्हाळ्यात फाटते, भेगेत हात जातो, आणि पावसाळ्यात फुगून वर येते. तिच्यावर पाया ठेवला तर ती घर उचलते आणि खाली टाकते. मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं. तो फार खोल असेल तर काळी माती काढून मुरमाचा भराव थराथरानं, पाणी मारून, ठोकून बसवावा लागतो, आणि वर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याचा काँक्रीटचा पट्टा, सलग फिरवावा लागतो. माझ्या वडिलांना बीम माहीत नव्हता, पण ते कुदळीचा आवाज ऐकून सांगत, अजून हातभर जा. खडकाळ मुलखातून आलेल्या कारागिराकडं चांगलं प्रमाणपत्र असेल, तरी त्याला हे माहीत असेलच असं नाही. कागद दुसरीकडून आणता येतो, पण आमच्या मातीवर उभा राहून तो खरा ठरला पाहिजे. म्हणूनही परीक्षा इथं पाहिजे.

माझ्या बायकोबद्दल लिहू की नको, असं मुलगी विचारते आहे. लिही म्हटलं. ती बावीस वर्षांपासून माझ्यासोबत रेजा म्हणून कामावर येते. मसाला कालवते, विटा देते, आणि घरगुती काम असलं, पाहणारं कोणी नसलं, की आतलं प्लास्टर तीच करते. तिचा रंधा माझ्यापेक्षा सफाईनं फिरतो. कोपरा ती नजरेनं धरते आणि मी मागून ओळंबा लावून पाहतो. सरकारी कामावर मात्र तिचं नाव अकुशल म्हणून लागतं. माझी रोजी 800, तिची 350. आमच्या 2018 च्या तुकडीत एकही बाई नव्हती, कोणी बोलावलंच नाही. झारखंडमध्ये बायांनी मिस्त्रीकाम शिकून शौचालयं बांधली, त्यांना तिथं राणी मिस्त्री म्हणतात. पीएम विश्वकर्मा योजना 2023 साली आली, तिच्यात राजमिस्त्री आहे, 5 ते 7 दिवसांचं प्रशिक्षण आहे, दिवसाला 500 रुपये आहेत, अवजारांसाठी 15,000 आहेत. पण एका कुटुंबातून एकच माणूस. आमच्या घरातून माझं नाव गेलं, तिचं राहिलं. अवजारं मिळाली ती चांगली आहेत, पण पाच दिवसांत कोणी मिस्त्री होत नाही आणि ज्याला येतं त्याला ते पाच दिवस लागतही नाहीत. तिला मी विचारलं, परीक्षा घ्यायला कोणी आलं तर देशील काय? ती म्हणाली, "येऊ द्या त्यायले. भिंत दाखवा मनाव, मी उभ्या उभ्या देतो."

पैसा नाही, असं कोणी म्हणू नये. 1996 साली आलेल्या कायद्यापासून प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी कापला जातो, सरकारी कामावरही. बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी माझ्याकडं आहे, पेटी मिळाली, भांडी मिळाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या नोंदणीलाही 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि आमच्याच गावात ज्यांनी कधी घमेल्याला हात लावला नाही त्यांना तो दाखला मिळाला, तर माझ्या बरोबर राबणारे दोन मजूर सहीसाठी सहा महिने हेलपाटे घालत राहिले. तिथंही गोष्ट तीच. ज्याच्या हाताला घट्टे आहेत त्याचा हात कोणी पाहत नाही. त्या उपकरातून प्रशिक्षणाच्या दिवसांची पूर्ण रोजी द्या. 45 दिवस बिनरोजीचा माणूस घर कसं चालवणार? मी ज्या वर्षी शिकलो, त्या वर्षी घरात किराण्याची उधारी झाली होती आणि ती फिटायला पुढची दिवाळी आली.

मागणं माझं फार मोठं नाही. स्लॅब टाकायच्या आधी सळई तपासायला शाखा अभियंत्यांनी यायचंच असतं. त्याच वेळी जो मिस्त्री आणि जो सळईवाला समोर उभा आहे, त्याला साहेबांसमोर एक रिंग वळवायला लावा, एका गोणीचं पाणी बादलीनं मापून दाखवायला लावा, कव्हर ब्लॉक कुठं कुठं ठेवले ते बोट दाखवून सांगायला लावा. अर्ध्या तासाचं काम आहे. यादीतलं नाव आणि समोरचं तोंड एक आहे का, तेही तेव्हाच कळेल. मोजमाप पुस्तिकेत जशी साहेबांची सही असते, तशी स्लॅबच्या पानावर त्या मिस्त्रीची सही किंवा अंगठा घ्या. आणि कामाच्या फलकावर योजनेचं नाव, रक्कम, ठेकेदाराचं नाव असतं, त्याखाली एक ओळ मिस्त्रीच्या नावाची लिहा. फलकावर ज्याचं नाव लागतं तो रात्री कंदील घेऊन पाणी मारायला जातो. मी गेलो असतो.

आणि 5 कोटींची मर्यादा लहान गावांच्या आड येऊ नये. ज्या छताखाली मुलं बसणार किंवा ज्या टाकीचं पाणी गाव पिणार, ते काम लाखाचं असो की कोटीचं, तिथं निदान एक परीक्षा दिलेला मिस्त्री स्लॅबच्या दिवशी हजर पाहिजे, आणि त्याला कुशल कामगाराची पूर्ण रोजी मिळाली पाहिजे. गावात असा माणूस असेल तर आधी त्याला विचारा. आमच्या तुकडीतले कितीतरी जण आज पुण्याकडे, हैदराबादकडे गेले आहेत. इथं शिकवलं आणि तिकडे पाठवलं, असं झालं आहे.

खोल्यांचं रंगकाम आता सुरू आहे. पिवळा रंग, बाहेरून चांगला दिसतो. दुसऱ्या खोलीत खिडकीच्या वरच्या बाजूला, बीमच्या खाली, एक बारीक तडा मी पाहिला. तो नुसता प्लास्टरचा असेल, नसेलही. खरडून पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि खरडायला मला कोणी आत सोडत नाही. मुख्याध्यापकांना मी तो दाखवला. त्यांनी लिहून घेतलं.

या कामासाठी जोडलेली प्रशिक्षित कारागिरांची यादी मिळावी म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज केला आहे, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तराला 30 दिवस असतात. आज एकोणिसावा आहे. आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी भरते, आणि त्या दुसऱ्या खोलीत पहिलीचा वर्ग बसणार आहे. माझी नात पहिलीत आहे.

आपला,
एक गवंडी
ता. आर्णी, जि. यवतमाळ
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे.)